प्रार्थना नको, हे कलम मागे घेताना

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर पूर्ण, व्यवसाय दातांच्या कवळ्या बनवणे, राहणार दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की आज माझी स्मृती शाबूत आहे, हात स्थिर आहे (खात्री करायची असेल त्याने कालच बसवलेले चौदा दात बघावेत), आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, "इतक्यात कसली घाई आहे?" म्हणत दोनदा माझ्यापुढचे कागद उचलून ठेवले. तेव्हा पुढे जे येईल ते सर्वस्वी माझ्या राजीखुशीचे आहे.

नऊ वर्षांपूर्वी, यजमान गेले त्या वर्षी, मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. घर, पैसा, अवजारे यांविषयीचे माझे म्हणणे फारसे बदललेले नाही. बदलले आहे ते सातवे कलम. त्यात मी लिहिले होते: "माझ्या मृतदेहाजवळ कोणीही, कोणत्याही प्रकारची प्रार्थना म्हणू नये. म्हणू लागल्यास त्यास बाहेर काढावे." त्या एका कलमापायी सगळे पुन्हा लिहायला बसले आहे. ते का, हे त्याच्या जागी सांगेन. आधी घरादाराचे उरकते.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडेची कार्यशाळा, एवढी माझी स्थावर मिळकत. ती ताईला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्यानंतर तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावी. ताईचे गुडघे पाहता ती सतरा पायऱ्या चढून इथे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिने खुशाल भाड्याने द्यावे. पण तिच्या नावावर काहीतरी असावे; आयुष्यभर तिचे सगळे दुसऱ्यांच्या नावावर होते. जो कोणी भाडेकरू येईल त्याने कार्यशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीपुढे कपाट उभे करू नये. दाताचा खरा रंग फक्त त्या उजेडात कळतो.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते भाचीचे. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि सुट्टीच्या दिवशीही दुसऱ्यांच्या पाळ्या करते. या पैशातले थोडे तरी तिने अजिबात शहाणपणाने खर्च करू नये, अशी माझी अट आहे.

कलम ३. अवजारे. मेणाचे चाकू, स्पिरिटचा दिवा, घासायची चाके, दातांच्या रंगांचा पट्टा, आणि वरचा-खालचा जबडा बसवून चावा तपासायचे ते बिजागरीचे यंत्र, हे सर्व मेणवालीला द्यावे. मेणवाली म्हणजे पलीकडच्या गल्लीतली माझ्याच धंद्यातली बाई. मेणावर तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिला कधी सांगितले नाही, आता कळेलच. माझा सर्वांत बारीक चाकू तिने अकरा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला तो परत आलेला नाही. बाकीचा संच तिच्याकडे गेला की त्या चाकूला घरची माणसे भेटतील.

कलम ४. प्लास्टरचे जबडे. भिंतीवरच्या फळ्यांवर तीनशेच्या वर साचे आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी आहे. ते घरातल्या माणसांनी भीत भीत फेकून देऊ नयेत. मेलेल्या पेशंटच्या घरच्यांना आधी विचारावे. एक विधवा बाई नवऱ्याचा साचा मागून घेऊन गेल्या होत्या. "त्यांचं हसू एवढंच उरलंय हो," म्हणाल्या. कोणाला नको असतील ते फोडून बागेच्या वाटेवर घालावेत.

कलम ५. समोरच्या न्हाव्याविषयी. त्याच्या खुर्चीत एका गिऱ्हाईकाला शिंक आली आणि मी केलेली कवळी उडून आरशावर आपटली. तेव्हापासून बारा वर्षे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की माझ्या कवळ्या सैल असतात. ते गिऱ्हाईक वीस किलोने वाळले होते, हे तो सांगत नाही. त्याला मी काही देत नाही. मात्र नऊ वर्षांपूर्वीच्या कागदात त्याच्याविषयी जे विशेषण लिहिले होते ते मागे घेते.

कलम ६. देह. तो दंतमहाविद्यालयाला द्यावा. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबडे उलटेपालटे करून पाहिले. माझाही कोणीतरी पाहावा. ताईला हे पसंत नाही. "मग शेवटच्या दिवशी देवानं तुला उठवायचं कसं? तुकडे गोळा करत बसायचं का?" असे तिने विचारले. पुढच्या कलमात जे म्हातारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, येणार आहेत ते तेव्हा इथेच बसले होते. ते म्हणाले, "त्याला तेवढं जमेल."

कलम ७. प्रार्थनेविषयी. हे लांब आहे. ज्यांना फक्त वाटणी बघायची होती त्यांचे काम झाले, त्यांनी उठायला हरकत नाही.

आमचे वडील चर्चची घंटा वाजवायचे आणि आवाराची राखण करायचे. आई प्रभुभोजनाच्या मेजावरची वस्त्रे धुऊन, इस्त्री करून ठेवायची. मी आणि ताई त्या आवारातच वाढलो. लहानपणी माझा देवावर विश्वास होता असे म्हणणे कमी पडेल. तो आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. त्याच्याविषयीचे बाकीचे सगळे प्रश्न होते. तो झोपतो का, त्याला कंटाळा येतो का, माझे आणि ताईचे भांडण झाले तर तो आधी कोणाचे ऐकतो. आई हसायची आणि म्हणायची, "विचार त्यालाच." मी विचारायचेही.

चौदाव्या वर्षी दृढीकरणाच्या वर्गाला बसले. दृढीकरण म्हणजे मंडळीपुढे, चर्चच्या सगळ्या सभासदांपुढे, आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायचा आणि मग मोठ्यांबरोबर प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचे. लेंतचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा काळ होता. शिकवायला नवे पाळक होते, तेहेतीस वर्षांचे, त्यांची पहिलीच मंडळी. एके दिवशी मंडळीचा कारभार पाहणारे दोन पंच मागच्या बाकावर तपासणीला येऊन बसले होते. पाळक कबरेतून उठवलेल्या माणसाची गोष्ट सांगत होते, चार दिवस मरून पडलेला आणि प्रभूने हाक मारल्यावर बाहेर आलेला. मी हात वर केला.

"तो चार दिवस कुठे होता? आणि परत आल्यावर त्याला कुणी विचारलं का नाही?"

मागचा एक पंच फिसकन हसला. पाळकांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "तुझ्या मनात श्रद्धा नाही, नुसतं कुतूहल आहे. दोघांना एका बाकावर जागा नसते. बाहेर जा."

मी बाहेर गेले. यादीतून माझे नाव गेले. दृढीकरणाच्या रविवारी आई नेहमीच्या पहिल्या बाकावर न बसता शेवटच्या बाकावर, खांबाआड बसली. मला ती एवढेच म्हणाली, "गप्प बसता आलं असतं ना गं तुला." तीन वर्षांनी ती आजारी पडली. शेवटच्या दिवसांत तिने मला विचारले, "एकदा त्यांच्याकडे जाऊन चुकले म्हणशील? माझ्या देखत तुला मेजाजवळ बघायचंय." मी म्हणाले, "मी चुकलेच नाही." आई गेली. तिच्या अंत्यविधीनंतर मी त्या दारात पाऊल ठेवले नाही. पुढे धंदा शिकले, लग्न केले, आडनाव बदलले, संसार केला. यजमान बसचालक होते. त्यांना माझ्या देवाशी काही घेणे नव्हते आणि मी विषय काढत नव्हते.

त्या वर्गापासून पंचावन्न वर्षे अशी गेली.

यंदा फेब्रुवारीत एका बुधवारी सकाळी दंतवैद्यांनी खालून घंटी दाबली. नवीन पेशंटचे माप घ्यायचे असले की ते मला खाली बोलावतात. खुर्चीत एक अठ्ठ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते, तोंडात एकही दात नाही, गाल आत गेलेले. कपाळावर राखेचा क्रूस होता. मला तोवर आठवणही नव्हती की आज भस्म बुधवार आहे, आज लेंत सुरू होतो. दवाखान्यातली बाई ओल्या कापसाने त्यांचा चेहरा पुसायला गेली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"तेवढं राहू द्या. बाकी काय पुसायचं ते पुसा."

मी चिठ्ठीवरचे नाव वाचले. माझ्या नाकातोंडावर पट्टी होती, ती बरी होती. त्यांनी मला ओळखले नाही. ओळखणार कसे?

माप घेतले, दुपारी प्लास्टर ओतले, आणि संध्याकाळी साचा सुटला तेव्हा ज्या तोंडाने मला बाहेर काढले ते तोंड माझ्या टेबलावर उताणे पडले होते. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. खरे सांगायचे तर राग आला नाही. साधा, झिजलेला जबडा होता, डाव्या बाजूला हाड फार खाली गेलेले. अशा जबड्यावर कवळी बसवणे अवघड काम असते. मला त्यातच गोडी वाटली.

तिसऱ्या भेटीला मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचे असतात. अक्षरे नीट उमटतात का, 'स' शिट्टी मारतो का, हे कळावे म्हणून पेशंटला काहीतरी मोठ्याने वाचायला सांगतो. मी नेहमीचे वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले.

"हे बारीक अक्षर दिसत नाही मला," ते म्हणाले. "तोंडपाठ आहे ते म्हणू?"

"म्हणा," दंतवैद्य म्हणाले.

त्यांनी विहिरीवरच्या बाईची गोष्ट सुरू केली. भर दुपार, प्रभू चालून चालून थकून विहिरीपाशी बसलेला, पाणी भरायला एकटीच आलेली बाई, आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती लगेच विचारते, तुमचे लोक आमच्या हातचे घेत नाहीत, मग तुम्ही माझ्याकडे कसे मागता? मग विचारते, विहीर खोल आहे, तुमच्याजवळ पोहरा नाही, पाणी काढणार कशाने? मी 'स'कडे कान लावून उभी होते. कधी कान सुटला कळले नाही.

"बास," दंतवैद्य म्हणाले. "स, श, फ, सगळं स्वच्छ आहे. उतरा आता, आजोबा."

ते उतरले, गोष्ट तिथेच तुटली. आणि मला पुढचे आठवेना! लहानपणी शंभरदा ऐकलेली गोष्ट. ती बाई आणखी काहीतरी विचारते, पण काय? दुपारभर हातात दुसऱ्याच कोणाचे दात होते आणि डोक्यात ती बाई. शेवटी पाच वाजता ताईकडे गेले.

"तुझ्याकडचं शास्त्र दे जरा."

ताईने चष्मा कपाळावर चढवला. "तुला? कशाला?"

"दातांसाठी."

"दातांसाठी शास्त्र?"

"एका पेशंटची चाचणी होती, अर्धीच राहिली. विहिरीवरच्या बाईचं पुढे काय झालं ते बघायचंय."

ताईने बायबल आणून माझ्यासमोर ठेवले. पान काढून दिले नाही. "तूच शोध," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मग बराच वेळ नळ चालू राहिल्याचा आवाज येत होता, भांड्यांचा मात्र येत नव्हता.

मी शोधले. ती बाई एकामागून एक प्रश्न विचारत राहते. देवाची उपासना नेमकी कुठे करायची, हासुद्धा विचारते. तिला कोणी गप्प बस म्हणत नाही, बाहेर जा म्हणत नाही. उलट तो तिच्याशी जितका बोलतो तितका दुसऱ्या कोणाशी क्वचितच बोलला असेल. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात धावत जाते, लोकांना सांगायला. मी ते तीनदा वाचले. ताईला म्हणाले, "हे पुस्तक मी घेऊन जाते." ती म्हणाली, "ने. मला पाठ आहे."

त्यानंतर रोज दुपारी जेवण झाले की कार्यशाळेतल्या खिडकीशी बसून वाचायचे, अशी सवय लागली. हातात पेन्सिल. जिथे अडले तिथे समासात प्रश्नचिन्ह. दोन आठवड्यांत एक्केचाळीस झाली. याला भक्ती म्हणावे असे मला वाटत नव्हते. दात हलायला लागला की जीभ जशी पुन्हा पुन्हा तिथेच जाते, तसे काहीतरी चालले होते. दुखत नव्हते, पण राहवतही नव्हते.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी चर्चमध्ये गेले. मुद्दाम असा वार निवडला की तिथे कोणी नसेल. एक बाई फरशी पुसत होती, तिने मला ओल्या पट्ट्याला वळसा घालून जायला सांगितले. मी बाकावर बसले. लहानपणची रोजची प्रार्थना म्हणून बघावी, आठवते का, एवढाच हेतू होता. पहिला शब्द आठवायला वेळ लागला आणि मग बाकीचे तोंड आपोआप म्हणत गेले, मी नुसती ऐकत होते. संपल्यावर मी स्वतःला विचारले, हे काय आहे? म्हातारपण? सवय? आईची आठवण? की खरोखर कोणी ऐकत होते? पण एवढे प्रश्न विचारूनही मी त्या बाकावर बसलेलीच होते.

पुढचे लिहायला मला लाज वाटते, पण शपथेवर लिहायच्या कागदात अर्धे लिहून चालणार नाही.

चर्चमधून निघताना दाराजवळ संगमरवरी पाटी दिसली. आजवरच्या सर्व पाळकांची नावे, सोनेरी अक्षरांत. त्यांचेही. आई ज्या खांबाआड बसली त्याच्या बरोबर समोर. जो राग साचा बघताना आला नव्हता तो तेव्हा आला. त्याच दुपारी त्यांची कवळी पक्की होऊन साच्यातून निघाली. आतल्या बाजूला बोट फिरवले तर डावीकडे मोहरीएवढा कण लागला. तसे कण राहतात. घासून टाकायचे असतात. अर्ध्या मिनिटाचे काम. पंचेचाळीस वर्षांत मी असा एकही कण ठेवला नव्हता. तो ठेवला. बाहेरून कवळीला अशी चकाकी दिली की दंतवैद्य म्हणाले, "बाई, तुमचं हे सगळ्यांत सुंदर काम."

पेशंटला टोचले तर तो दुसऱ्या दिवशी परत येतो. हे आले नाहीत. तीन दिवस, चार दिवस, नऊ दिवस. रोज खालच्या दाराची घंटा वाजली की मी जिन्यात जाऊन कान द्यायचे. वाचायला बसले तर अक्षर लागेना. दहाव्या दिवशी ते ठरलेल्या तपासणीला आले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"आजोबा, केवढी जखम झालीय!" दंतवैद्य म्हणत होते. "त्याच दिवशी यायचं नाही का? जेवत काय होतात?"

"सूप. लेंत चालू आहे ना. म्हटलं थोडं दुखलं तर दुखू दे. आयुष्यात मी कमी जणांना दुखवलं नाही."

मी खाली गेले आणि कवळी मागून घेतली. ते म्हणाले, "मी वर येऊ का? तुमचं काम बघायची हौस आहे मला." नाही म्हणायचे कसे? सतरा पायऱ्या ते कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून चढले. मी त्यांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवले, चाक सुरू केले, कण घासला. अर्धे मिनिटही लागले नाही.

चाक थांबले तेव्हा ते माझ्या टेबलावरचे पुस्तक चाळत होते. पुस्तक डोळ्यांजवळ धरून, समासात बघत.

"ही प्रश्नचिन्हं कुणाची?"

"माझी."

ते पाने उलटत गेले. एका पानावर थांबले आणि त्यांच्या बोळक्या तोंडावर हसू आले. "हा इथला प्रश्न. चार दिवस कुठे होता, हाच ना? मला एका मुलीनं विचारला होता, फार वर्षांपूर्वी. मला उत्तर येत नव्हतं. मागे दोन पंच बसले होते, माझी नोकरी नवी. मी तिला वर्गाबाहेर काढलं."

मी कवळी हातात धरून उभी होते.

"पुढच्या आठवड्यात तिच्या घरी जायला निघालो. अंगणापर्यंत गेलो. तिची आई कपडे वाळत घालत होती. तिनं मला पाहिलं, हातातलं कापड तसंच धरून ती थांबली. मी काही न बोलता परत फिरलो. पुन्हा जाणं जमलं नाही. तीन-चार वर्षांनी बदली झाली. कितीतरी वर्षांनी इकडे परत आलो, पण ते घर तोवर मोडलं होतं."

हे आईने मला कधीच सांगितले नव्हते.

"नाव काय होतं तिचं?" मी विचारले.

"नाव नाही आठवत हो. प्रश्न आठवतो. दर लेंतमध्ये तो उतारा येतो, आणि उपदेश करताना तेवढी जागा मी टाळून पुढे जायचो."

"ती मुलगी मी," मी म्हणाले. "आणि तुमच्या हिरडीची जखमही मीच केली. चुकून नाही. कण लागला होता हाताला, मुद्दाम ठेवला."

त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवले. मग त्यांनी हात पुढे केला. "दात द्या आधी. असलं काही बोळक्या तोंडानं बोलायचं नसतं."

मी दिले. त्यांनी बसवले, दोनदा जबडा हलवला, आणि स्टुलावरून उठून उभे राहिले.

"मुली, माझं चुकलं. मला क्षमा कर."

"लगेच जमेल असं वाटत नाही," मी म्हणाले. "बघते."

"बघ. मीही बघतो. माझी जखम तर अजून ताजीच आहे."

आणि आम्ही दोघेही हसलो. हसता हसता मी रडले, हे खाली दंतवैद्यांना कळले नाही कारण मी चाक पुन्हा सुरू केले होते. ते जायला निघाले तेव्हा जिन्यात मी विचारलेच, "मग उत्तर सापडलं का?"

"नाही," ते म्हणाले. "पण आता फार दिवस नाहीत. स्वतःच जाऊन विचारीन त्याला."

क्षमा एकदम झाली नाही. हप्त्याहप्त्याने झाली, आणि काही हप्ते अजून राहिले आहेत, असे मी प्रामाणिकपणे नमूद करते. ज्याच्या तोंडात माझे काम होते तो माणूस आता दर दोन दिवसांनी सतरा पायऱ्या चढून येऊ लागला. एक्केचाळीस प्रश्नांपैकी अठरांना त्यांच्याकडे काहीतरी उत्तर होते. सहांना त्यांनी माझ्याहून मोठे प्रश्न जोडले. बाकीच्यांना ते "मलाही नाही कळलं" म्हणाले. हे शब्द त्यांनी माझ्या चौदाव्या वर्षी मला ऐकवले असते तर, असे मी एकदा म्हणाले. ते म्हणाले, "तेव्हा हे म्हणायची हिंमत नव्हती."

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मी आत्ताच्या पाळकबाईंकडे गेले. त्या माझ्या भाचीच्या वयाच्या आहेत. त्यांनी जुनी वही काढली. दृढीकरणाच्या यादीत माझे माहेरचे नाव होते, त्यावर तांबड्या शाईची रेघ. त्यांनी विचारले, "तुमचा विश्वास आहे?"

मी म्हणाले, "आहे. प्रश्नांसकट आहे, ते काढून ठेवता येणार नाहीत."

"मग प्रश्नांसकटच लिहून घेते," त्या म्हणाल्या. पण लिहिले त्यांनी नाही. म्हाताऱ्या पाळकांना बोलावून वही पुढे केली. त्यांनी रेघेखाली माझे नाव पुन्हा लिहिले, थरथरत्या अक्षरांत, एकेक अक्षर विचारून विचारून. वेलांटी चुकवली, ती मी दुरुस्त करू दिली नाही.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत एक उतारा त्यांनी वाचला. एकही अक्षर सांडले नाही. मी दातांकडे बघत नव्हते, खरोखर ऐकत होते. आणि रविवारी सकाळी दृढीकरण होऊन, ताईचा हात धरून, मी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ गेले. भाकरीचा तुकडा अगदी साधा होता. मला काही दिसले नाही, काही ऐकू आले नाही. फक्त एवढे झाले की जागेवर परत येताना माझे पाय आपोआप शेवटच्या बाकाकडे वळले, खांबाआड, आणि ताईने काही न विचारता मला तिथे बसू दिले. उपासना संपल्यावर गायनप्रमुख बाई येऊन म्हणाल्या, "नवीन आहात का मंडळीत?" ताई म्हणाली, "जुनीच आहे. उशीर झाला एवढंच."

तेव्हा सातव्या कलमाचा जुना मजकूर मी मागे घेते आणि त्या जागी असे लिहिते: देह महाविद्यालयाकडे जाण्याआधी माझ्याजवळ प्रार्थना म्हणावी. ती लांबवू नये. मी कशी देवभीरू होते वगैरे सांगू नये, ज्यांना मी ठाऊक आहे ते हसतील. त्या वेळी कोणी, मग ते लहान मूल का असेना, काही प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर द्यावे. येत नसेल तर येत नाही म्हणावे.

मरणाची भीती मला आहे, कोणाला नसते? पण गेल्या दोन महिन्यांत तिच्या शेजारी आणखी एक गोष्ट येऊन बसली आहे. पलीकडे काय आहे हे बघायची मला मनापासून उत्सुकता आहे.

कलम ८. या सर्वांची अंमलबजावणी भाचीने करावी. वाद झाल्यास ताईचे ऐकावे, आणि ताई बोलत नसेल तर नळाचा आवाज ऐकावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि समजून-उमजून खाली सही केली.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदारांविषयी: साक्षीदारास मृत्युपत्रातून काही मिळू नये असे दंतवैद्यांनी सांगितले, म्हणून ते आणि म्हातारे पाळक या दोघांनाही मी काही ठेवलेले नाही. दंतवैद्यांनी मजकूर न वाचता सही केली. खासगी कागद वाचत नसतात, असे ते म्हणाले. म्हाताऱ्या पाळकांनी मात्र खिडकीशी बसून, भिंग धरून, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचले. त्यांना पाऊण तास लागला. मग त्यांनी पेन घेतले आणि सहीच्या वर तीन ओळी लिहिल्या. दंतवैद्य म्हणाले, "आजोबा, साक्षीदारानं एवढं लिहायचं नसतं. नुसती सही." पाळक म्हणाले, "माहीत आहे मला."

साक्षीदार पहिले: दंतवैद्य, खालचा मजला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरे: निवृत्त पाळक. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सातव्या कलमात माझ्याविषयी जे लिहिले आहे ते मी वाचले. ते सर्व खरे आहे.

ठिकाण: कार्यशाळा, वरचा मजला.
दिनांक: पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारानंतरचा दुसरा गुरुवार, दुपारी चार.